पिऊन फोडलेलं डोकं पारावर मिटत नसतं: तंटामुक्ती समित्यांना खुलं पत्र

मराठवाड्यातल्या गावोगावच्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव समित्यांचे अध्यक्ष, सदस्य आणि पोलीस पाटील यांस,

सप्रेम नमस्कार.

पोळा तोंडावर आलाय, म्हणून आत्ताच लिहिते. पोळ्याची कर, मग गणपती, देवी, दसरा, आणि त्याच सुमारास ऊसतोडीच्या मुकादमाकडची आगाऊ उचल हातात पडलेली. आमच्या कोर्टातल्या मारहाणीच्या फायली उघडल्या की घटनेची तारीख बरेचदा याच दिवसांतली निघते. वेळ रात्री आठ ते अकराची. आणि फिर्यादीत ते पाठ झालेलं वाक्य असतं: ‘दारूच्या नशेत येऊन विनाकारण शिवीगाळ करून, लाथाबुक्क्यांनी मारहाण करून जिवे मारण्याची धमकी दिली.’

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात फौजदारी वकिली करते. फिर्यादीची बाजू सरकारी वकील मांडतात, त्यामुळे माझ्या टेबलासमोर बसतो तो बहुतेक वेळा आरोपी, नाहीतर त्याची आई. माझं घर त्यांच्याच फीवर चालतं. तेव्हा ‘सगळ्या बेवड्यांना आत टाका’ म्हणणाऱ्या बाईचं हे पत्र आहे असं समजू नका.

तुमच्या कामाबद्दल मला आदरही आहे. १५ ऑगस्ट २००७ ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, ही मोहीम सुरू झाली. धुऱ्याची भांडणं, सामायिक विहिरीच्या पाळ्या, भावाभावांच्या वाटण्या, बैल पिकात घुसला म्हणून झालेली शिवीगाळ, असं कितीतरी तुमच्यामुळे कोर्टाची पायरी न चढता संपलं. लोकसंख्येनुसार बक्षीस मिळायचं, वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी पाटी लागायची. आता बक्षिसाचं फारसं कुणी विचारत नाही, पण अध्यक्षपदावरून ग्रामसभेत हाणामारी झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत, म्हणजे पदाला अजून वजन आहे. ते वजन तुम्ही चुकीच्या ताजव्यात टाकताय, एवढंच मला सांगायचं आहे.

समोर एक बाँडपेपर आहे. खाली सात सह्या, एक अंगठा, समितीचा गोल शिक्का. मजकूर असा, की करीच्या दिवशी दोन्ही पक्षांमध्ये दारूच्या नशेत किरकोळ बाचाबाची झाली होती, ती पंचांसमक्ष आपसात मिटली आहे, लिहून देणाऱ्याची यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही, आणि उपचारापोटी रुपये ४०,००० देण्याचं ठरलं आहे. अंगठा आहे तो सालगड्याचा. किरकोळ बाचाबाचीत त्याचा डावा डोळा गेला. मालकाच्या पुतण्याने बिअरची बाटली ट्रॉलीच्या फाळक्यावर फोडली आणि उरलेली तोंडावर मारली. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण सांगितलं तर माणूस ओळखू येईल.

तो माझ्याकडे आला तेव्हा कॅरीबॅगमध्ये हा कागद आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या होत्या. ज्युनिअरने त्याच्या डाव्या हाताशी चहा ठेवला. त्याला तो दिसलाच नाही. बोलता बोलता कोपर लागून कप आडवा झाला, तेव्हा त्याने सगळी मान वळवून खाली पाहिलं आणि माझीच माफी मागायला लागला. मला वाटलं केस करायला आलाय. तसं नव्हतं. ४० मधले २५ मिळाले होते, दिवाळीला द्यायचे १५ राहिले होते. ‘वकीलबाई, तेवढी एक नोटीस धाडा की,’ म्हणून तो आला होता.

नोटीस मला पाठवता आली नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम २३ आहे. त्याच्याच खाली एक उदाहरण दिलंय: चोरून लुटून नेलेल्या वस्तूंची किंमत परत करतो, तू खटला मागे घे, असा करार दोघांनी केला तर तो रद्दबातल. कारण गंभीर गुन्ह्याचा खटला दाबणं हा कराराचा विषयच होऊ शकत नाही. म्हणजे तुमच्या शिक्क्याच्या त्या कागदाने ना त्याला उरलेले १५,००० मिळतात, ना त्या पुतण्यावरचा गुन्हा मिटतो. पोलीस उद्याही तो नोंदवू शकतात. आणि भारतीय न्याय संहितेत कलम २५० आणि २५१ आहेत: गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचवण्यासाठी पैसे घेणं आणि पैसे देणं, दोन्ही गुन्हे. सूट आहे ती फक्त कायद्याने तडजोड करता येते अशा गुन्ह्यांना. ही कलमं एखाद्या तंटामुक्ती अध्यक्षावर लागलेली मी पाहिली नाहीत. पण पुस्तकात आहेत, आणि तुमची सही कागदावर आहे.

आता त्या ‘नशेत’बद्दल. समितीच्या बैठकीत आरोपीचा बाप, चुलता, गावातला जाणता, सगळे एकच सांगतात: ‘पेलेलं होतं लेकरू, त्याला काय सुधरत होतं का?’ आणि ते ऐकून अर्धी बैठक नरम पडते. जणू मारलं ते दारूने, पोरगं नुसतं तिथे उभं होतं.

कायदा असं मानत नाही. न्याय संहितेचं कलम २३ नशेची सूट देतं, पण ती एकाच माणसाला: ज्याला त्याच्या नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध नशा करवली गेली, आणि त्यामुळे आपण काय करतोय हेच ज्याला कळत नव्हतं. सरबतात काहीतरी कालवून पाजलेला माणूस. स्वतःच्या पायाने देशीच्या दुकानावर गेलेल्याला ती सूट नाही. त्याच्यासाठी कलम २४: आपणहून प्यायलेल्याला शुद्धीतल्या माणसाला जेवढी जाणीव असती, तेवढी त्यालाही होती असं धरूनच कोर्ट चालतं. जुन्या दंड संहितेत हीच ८५ आणि ८६ होती. म्हणजे हे काही १ जुलै २०२४ ला नव्या संहितेबरोबर आलेलं नाही.

यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९५६ चा निकाल आम्हाला कॉलेजात शिकवतात: बासदेव विरुद्ध पेप्सू (तेव्हाचं पतियाळा व पूर्व पंजाब संस्थानांचं) राज्य. एका लग्नात जेवणाच्या वेळी प्यायलेल्या निवृत्त जमादाराने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जरा सरकून जागा द्यायला सांगितलं. मुलगा सरकला नाही. जमादाराने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. बचाव एकच, शुद्धीत नव्हता. न्यायालयाने पाहिलं की हा गडी कधी अडखळत होता, पण आपल्या पायाने चालत होता, नीट बोलत होता, गोळी घातल्यावर पळून जायला बघत होता, आणि पकडल्यावर ‘माझ्याकडून झालं, माफ करा’ म्हणाला. म्हणजे काय केलं ते त्याला कळलं होतं. खून तो खूनच ठरला आणि जन्मठेप कायम राहिली. तुमच्या बैठकीत आरोपी हात जोडून ‘चुकी झाली’ म्हणतो तेव्हा मला हटकून हा जमादार आठवतो.

एक बारकावा मात्र खरा आहे आणि तो मी लपवणार नाही, कारण तो आमच्या धंद्याचा आहे. कायदा प्यायलेल्याची जाणीव गृहीत धरतो, हेतू मात्र आजूबाजूच्या परिस्थितीवरून शोधावा लागतो. त्यामुळे खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ लागलं असेल तर आम्ही भांडतो: मारायचाच हेतू नव्हता, एकच घाव घातला, हत्यार घरून आणलेलं नव्हतं, हाताला लागलं ते उचललं. कधी कधी कोर्टाला ते पटतं आणि कलम खाली उतरतं. पण गंभीर दुखापतीला ‘एवढं लागू शकतं ही जाणीव’ पुरते. तिथे नशा काही कामाची नाही. बाटली फोडून तोंडावर मारली की काय होतं, हे कळायला शुद्ध फार लागत नाही.

तर मग शिक्षा किती? आरोपीची आई पहिला प्रश्न हाच विचारते, आणि गावात तिला दोन टोकांची उत्तरं मिळालेली असतात. एक म्हणतो दहा वर्षं जातोय, दुसरा म्हणतो काही होत नाही, दंड भरला की मोकळा.

आधी पुस्तकातलं सांगते. साधी मारहाण, कलम ११५: एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. हत्याराने साधी दुखापत, ११८ चं पहिलं पोटकलम: तीन वर्षांपर्यंत. हत्याराशिवाय गंभीर दुखापत, ११७ चं दुसरं: सात वर्षांपर्यंत. हत्याराने गंभीर दुखापत, ११८ चं दुसरं: कमीत कमी एक वर्ष, दहापर्यंत, नाहीतर जन्मठेप. ते किमान एक वर्ष नवीन आहे, जुन्या ३२६ मध्ये खालची मर्यादा नव्हती. खुनाचा प्रयत्न आणि त्यात इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. आणि ११७ मध्ये तिसरं पोटकलम अगदीच नवीन घातलंय, ते तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे: मारहाणीत माणसाला कायमचं अपंगत्व आलं, किंवा तो नुसता श्वास घेत पडून राहिला, तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी, आणि वर मरेपर्यंत जन्मठेप. त्या सालगड्याचा एक डोळा जाणं यात बसतं की नाही यावर वकील भांडतील. मी आरोपीकडून असते तर मीही भांडले असते. पण डोक्यात पहार बसून अर्धं अंग गेलेल्या माणसाबद्दल भांडायला जागा नाही.

दुखापत ‘गंभीर’ कधी म्हणायची यावर गावात फार गैरसमज आहे. डोक्याला बारा टाके पडले आणि हाड शाबूत असलं, तर ती बहुधा साधी. दात तुटला तर गंभीर. मनगटाचं हाड चिरलं तर गंभीर. डोळा, कान, सांधा, चेहऱ्याची कायमची विद्रूपता, जीव धोक्यात येणं, हे सगळं गंभीर. आणि पंधरा दिवस माणूस तीव्र वेदनेत असला किंवा नेहमीची कामं करू शकला नाही, तरी गंभीर. पूर्वी हे वीस दिवस होते. इथे तुमचा संबंध येतो. ‘मिटलंय ना, मग कशाला दवाखान्यात पडून राहायचं’ म्हणून तुम्ही जखमीला तिसऱ्या दिवशी स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घ्यायला लावता. कागदावर तीन दिवस येतात. पंधरा दिवसांची वेदना मग त्याने कुठून दाखवायची?

पुस्तकानंतर व्यवहार. आपल्याकडे शिक्षेचं ठरलेलं कोष्टक नाही. इंग्लंडमध्ये न्यायाधीशांसाठी लेखी मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि दारूच्या नशेत गुन्हा करणं हे तिथे शिक्षा वाढवणारं कारण म्हणून लिहिलेलं आहे. आपल्याकडे न्यायाधीश हत्यार बघतात, घाव कुठे आणि किती, आधीचे गुन्हे, वय, घरची परिस्थिती, खटला किती वर्षं रखडला, आरोपी आधीच किती दिवस आत होता. आणि मुख्य म्हणजे खटला चालतो कुठे ते. हत्याराने गंभीर दुखापतीचा खटलासुद्धा चालतो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, आणि त्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही. फारच वाटलं तर ते प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात, त्यांची मर्यादा सात वर्षांची. कागदावर जन्मठेप लिहिलेलं कलम, पण समोर बसलेल्या न्यायाधीशांच्या हातात तीन वर्षं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं की गोष्ट सत्र न्यायालयात जाते, म्हणून तर ठाण्यात ‘३०७ लावा, ३०७ लावा’ अशी ओरड असते. (कलम बदललं, आकडा लोकांच्या तोंडून जात नाही.)

मी पाहिलेल्या खटल्यांवरून अंदाज सांगते, हा अंदाजच धरा. नुसती मारहाण सिद्ध झाली तर दंड, किंवा कोर्ट उठेपर्यंतची कैद. हाड मोडलंय पण हत्यार नाही, पहिलाच गुन्हा: काही महिने ते दोन वर्षं, नाहीतर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका. हत्यार आणि गंभीर दुखापत: एक ते तीन वर्षं, आणि इथे त्या हमीवर सुटका नाही, कारण ज्या गुन्ह्याला जन्मठेप असू शकते त्याला ती मिळत नाही. खुनाचा प्रयत्न सत्र न्यायालयात टिकला तर मात्र पाच, सात, दहा. निकालाआधी आत काढलेले दिवस वजा होतात. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असली आणि आरोपी जामिनावर असला, तर अपील करेपर्यंत तेच कोर्ट शिक्षा थांबवून जामीन देऊ शकतं. म्हणून शिक्षा लागलेला माणूस संध्याकाळच्या एसटीने गावात उतरलेला तुम्ही पाहता, आणि म्हणता, काही होत नाही.

होतं, पण उशिरा होतं. आणि बऱ्याचदा होत नाही ते तुमच्यामुळे. हे मी बचावाची वकील म्हणून सांगते, म्हणून विश्वास ठेवा.

समजा, घटना करीच्या रात्रीची. तुम्ही दुसऱ्या दिवशी बैठक लावली, मग चौथ्या दिवशी, मग कागद झाला, पैसे यायचे थांबले, आणि जखमीने विसाव्या दिवशी फिर्याद दिली. उलटतपासणीत मी त्याला विचारते: एवढे दिवस का थांबलात? समितीत बसलो होतो, म्हणतो. मग मी विचारते, पैशाचं बोलणं चाललं होतं? होय. पैसे मिळाले नाहीत म्हणून फिर्याद दिली? तो गप्प. एवढ्यात माझं निम्मं काम झालेलं असतं. तोवर बाटली फेकून दिलेली असते, रक्ताचा सदरा त्याच्या बायकोने धुतलेला असतो, पंचनाम्यात जागा सारवलेली सापडते. साक्षीदार तेच ट्रॉलीजवळचे, तेही त्या रात्री प्यायलेले, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला: तुम्हीही घेतली होती ना? मग अंधारात कोणी मारलं ते कसं दिसलं?

आणि आरोपीच्या रक्ताचं काय? रक्तातली दारू काही तासांत उतरते. त्याच रात्री पोलिसांनी यादी (तपासणीचं पत्र) देऊन त्याला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी वास, डोळे, चाल, बोलणं टिपून नमुना घेतला, तर पुढे ‘इतका प्यालो होतो की काही कळत नव्हतं’ या बचावाला मोजमाप तरी लागतं. तुम्ही त्याला झोपायला घरी पाठवता आणि सकाळी आंघोळ करून, टोपी घालून बैठकीला बोलावता.

मग तारखा. आपला भाग ऊसतोडीचा. दसऱ्यानंतर आरोपी कोल्हापूरकडे, फिर्यादी कर्नाटकात, साक्षीदार कुठल्या कारखान्यावर ते मुकादमालाच माहीत. समन्स गावात येतो, ‘इसम मिळून आला नाही’ म्हणून परत जातो. मार्चमध्ये सगळे परततात तेव्हा कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी डोळ्यांसमोर असते. अशी पाच-सहा वर्षं गेली की घाव बुजतो, साक्षीदार फितूर होतो, आणि न्यायाधीशांपुढे उभा असतो दोन लेकरांचा बाप, ज्याने मधल्या काळात पुन्हा काही केलेलं नाही. शिक्षा कमी करा, हे मी मग मनापासून मागते.

मला स्वतःला विचाराल तर बाटलीवाल्या पोराला दहा वर्षं व्हावीत असं वाटत नाही. हर्सूलच्या तुरुंगात दहा वर्षं काढून कोणी दारू सोडून शहाणा होऊन आला असं मी पाहिलेलं नाही. पण दीड-दोन वर्षं, नक्की, आणि दोन वर्षांच्या आत निकाल, असं झालं तर पुढच्या करीला ट्रॉलीभोवती बसलेली पोरं बाटली उचलण्याआधी विचार करतील. आज त्यांना माहीत आहे की बाटली ४० हजारांना पडते, तेही हप्त्याने, तेही बापाच्या खिशातून.

नवऱ्याने पिऊन बायकोचा हात मोडल्याचं प्रकरण तर समितीपर्यंतही येत नाही, किंवा आलं तरी सासऱ्याच्या शब्दावर दहा मिनिटांत निकालात निघतं. दवाखान्याच्या कागदावर ‘पाय घसरून पडली’. वार अडवायला हात वर केला की मोडतं ते बहुधा कोपराखालचं हाड, आणि डॉक्टरांना ते कळतं. तीही गंभीर दुखापतच, सात वर्षांपर्यंतचीच. शिवाय क्रूरतेचं कलम ८५ वेगळं. तिला मोफत वकील मिळण्यासाठी गरिबीचा दाखलाही लागत नाही, बाई आहे एवढं पुरतं. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं.

जखमी दलित किंवा आदिवासी असेल आणि मारणारा दुसऱ्या समाजाचा, तर तुम्ही मध्ये पडूच नका. अॅट्रॉसिटीच्या कायद्यात तडजोड नाही, आणि तुमची बैठक म्हणजे दबाव होता असं उद्या कोणी म्हणालं तर त्याला खोटं ठरवणं तुम्हाला जड जाईल.

तुम्ही करू शकता ते पुष्कळ आहे. शिव्या, ढकलाढकली, कानाखाली मारली, चष्मा फुटला, हे मिटवा, खुशाल मिटवा, कायदाही तेच सांगतो. हत्याराशिवाय हाड मोडल्याचा गुन्हाही मिटू शकतो, पण कोर्टाच्या परवानगीने, म्हणजे आधी गुन्हा नोंदायचा, मग कोर्टात दोघांनी अर्ज द्यायचा. हत्यार आणि गंभीर दुखापत एकत्र आली की हात काढून घ्या. त्या रात्री गाडी करून जखमीला सरकारी दवाखान्यात न्या, खासगीत नेलं तरी ‘मारहाण’ म्हणूनच नोंद करायला लावा. पोलीस पाटलांनी ठाण्याला फोन करावा, ते त्यांचं कामच आहे. जागा सारवू देऊ नका, सदरा धुऊ देऊ नका. साक्षीदार टोळीबरोबर निघाले की कारखान्याचं नाव, मुकादमाचं नाव आणि चालू मोबाईल नंबर तुमच्या रजिस्टरला लिहून ठेवा आणि तपास अधिकाऱ्याला द्या. एवढ्या एका वहीने किती तारखा वाचतील, मोजता येणार नाहीत.

पैशाचंही बोला, पण योग्य ठिकाणी. जखमीला भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, राज्याची पीडित भरपाई योजना २०१४ पासून आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अंकुश शिवाजी गायकवाड यांच्या, आपल्याच राज्यातल्या खटल्यात सांगून ठेवलंय की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणं न्यायालयावर बंधनकारक आहे. ती द्यायची नसेल तर का नाही ते लिहावं लागतं. सरकारी वकिलांना याची आठवण गावाने करून दिली तर ते रागावणार नाहीत. आणि आरोपीच्या बापाला खरोखर पैसे द्यायचे असतील, तर ते उपचाराला, पावतीने, गुन्हा नोंदल्यानंतर द्यावेत. ज्या गुन्ह्यात तडजोड चालत नाही तिथेही मनापासून केलेली भरपाई आणि मिटलेलं वैर शिक्षा ठरवताना न्यायालय लक्षात घेऊ शकतं. म्हणजे तुमच्या बाँडने त्या पोराला जे मिळालं नाही, ते या वाटेने थोडंफार मिळेल. त्याच्या आईला हे समजावून सांगा. मी सांगते तेव्हा तिला वाटतं मी फीसाठी बोलतेय.

त्या सालगड्याची फिर्याद उशिरा का होईना नोंदली गेली आहे. कलम ११८ चं दुसरं पोटकलम लागलंय. अटक झाली, जामीन झाला. बाँडपेपरची प्रत मी स्वतः तपास अधिकाऱ्याकडे दिली आहे, त्यामुळे खाली सह्या करणारे सातही जण साक्षीदार म्हणून बोलावले जातील असं दिसतंय. त्यांनी कोर्टात खरं ते सांगावं, एवढीच विनंती. आरोपीचे वकील त्यांना विचारतील ते प्रश्न मी वर लिहून ठेवलेच आहेत.

ज्या समितीला यातलं काही नीट समजून घ्यायचं असेल तिने कळवावं. पोळ्याच्या आधी बीड, धाराशिव, लातूर, परभणी, जवळपास कुठल्याही गावी मी येईन. मानधन नको, शाल-नारळ नको, एसटीने येते-जाते. अट एकच: बैठक सकाळी ठेवा. संध्याकाळी सातनंतर निम्मे सदस्य कुठे असतात ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

आपली,
एक फौजदारी वकील,
जिल्हा बीड